अकोल्यात तीन, अमरावतीत एकोणीस

१

जमुना मेली ती अकोल्यात, स्टेशनामागच्या वस्तीतल्या तिच्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या रखरखत्या दुपारी. तिच्या उशीखाली गोळ्यांची एक बाटली निघाली. बाटलीवरच्या चिठ्ठीत नाव होतं सुमन, आणि गाव होतं बडनेरा.

बाटली सापडली जहीरला. वस्तीच्या तोंडाशी जे तपासणी केंद्र आहे, तिथं रक्त तपासायचं काम जहीरचं. बाई हलत नाही म्हणून कोणीतरी त्याला हाक मारली, तो धावत गेला, पाहतो तर बाई गार. खोलीची मालकीण यायच्या आत त्यानं बाटली खिशात टाकली. ती रिकामी होती, पण गोळ्या कशाच्या होत्या हे त्याला सांगायची गरज नव्हती. एचआयव्हीच्या. आणि त्याच्याच केंद्राच्या यादीत जमुनाच्या नावापुढे आजाराचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिथं लिहिलं होतं, 'गावी गेली'.

चौथ्या दिवशी ती बाटली अमरावतीत नत्थुजी बोंड्यांच्या ओसरीवर, चहाच्या कपाशेजारी उभी होती.

आता हे नत्थुजी कोण, तर आरोग्य खात्यात तेहेतीस वर्षं आकडे मांडून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्म, मृत्यू, गोवर, हिवताप, सगळ्या रकान्यांतून हात फिरलेला. माणूस भारी खडूस. बेरीज चुकलेली दिसली की चुकवणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचे. बायको पार्बताबाई म्हणायची, ह्यांच्या घरात शेंगदाणेसुद्धा मोजून भिजू घालावे लागतात. डॉ. रागिणींनी आपल्या प्रयोगाचा अहवाल छापण्याआधी एकदा आकडे पाहून द्या म्हणून त्यांना गळ घातली होती, आणि तो अहवाल त्यांच्या टेबलावर पडून होता. जहीर आला तो म्हणूनच.

"चाचा, मी फसून राहिलो," जहीर म्हणाला. "रिपोर्ट छापला अन् मागून ही गोष्ट बाहेर आली, तं सगळे म्हणतीन जहीरच्या किटा खराब होत्या. मागच्या मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला होता, हे साऱ्याइले माहीत हाय. पन खुदा कसम, त्या किटा मी फेकून देल्या होत्या."

"अन् ही बाटली काहून उचलली तू?"

"मालकिणीनं पाह्यली असती तं त्या बाईले खांदा द्याले कोनी भेटलं नसतं, चाचा."

नत्थुजींनी अहवाल ओढून घेतला.

प्रयोग साधा होता. अकोल्यात धंद्यातल्याच बायांमधून साथिणी निवडल्या. प्रत्येकीला एक जांभळी पिशवी दिली. त्यांनी दारोदार जाऊन निरोध वाटायचे, समजावून सांगायचं, बोटाच्या थेंबावर पहिली तपासणी करायची आणि मग बाईला केंद्रात नेऊन पक्की तपासणी करवून घ्यायची. अमरावतीत साथीण नाही. तिथं जुनीच रीत, जिला वाटेल तिनं यावं. वर्षअखेरी दोन्ही केंद्रांत नव्यानं बाधित किती निघाल्या ते पाहायचं. आदल्या वर्षी दोन्हीकडे अकरा-अकरा होत्या. या वर्षी अकोल्यात तीन, अमरावतीत एकोणीस. साथिणी जिंकल्या! डॉक्टरीणबाई खूश, वरचे साहेब खूश.

या आकड्यांवर एक गोष्ट अडकलेली होती. ज्या शहरात दहा किंवा जास्त नव्या रुग्ण, तिथं वस्तीजवळ औषधाची खिडकी उघडणार होती. संध्याकाळी चालणारी, साथिणींच्या हातातली, कागद न मागता गोळ्या देणारी. अमरावतीला खिडकी मंजूर. अकोल्याला नामंजूर, कारण तिथं तीनच.

"ही जमुना धरून चार," नत्थुजी म्हणाले.

मग त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि त्यांचं बोट थबकलं. 'गावी गेली' हा शेरा एकट्या जमुनापुढे नव्हता. तो तेवीस जणींपुढे होता.

२

डॉ. रागिणी वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. सात वर्षं त्या या कामामागे पायाला भिंगरी लावून फिरल्या होत्या. पण नत्थुजींनी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्हाला म्हणायचंय काय, नत्थुजी? मी आकडे खाल्ले?"

"मले काही म्हणायचं नाई म्याडम. मी फक्त मोजून राहिलो."

"मग जहीरला विचारा. त्याचा फ्रिज बंद होता."

"त्याले विचारलं. तो म्हणते किटा फेकल्या."

"तो म्हणणारच!"

बाईंचं म्हणणं चूक नव्हतं. किटा खराब असतील तर आजारी बाईसुद्धा निरोगी दिसते, आणि अकोल्याचा आकडा पडतो. नत्थुजींनी समोरचा लग्नपत्रिकेचा लिफाफा उलटा केला आणि खिशातली पेन्सिल काढली. त्यांना कागद कितीही द्या, हिशेब ते लिफाफ्याच्याच पाठीवर करणार.

"किटा खराब, तं अकोल्यात अकराच्या तीन झाल्या. मान्य. पन मले एक सांगा, अकोल्याच्या खराब किटेनं अमरावतीतल्या बाया कशा वाढवल्या?"

"म्हणजे?"

"अकोल्यात आठ कमी झाल्या. अमरावतीत आठ वाढल्या. सात नाई, नऊ नाई, आठ. गेल्या साली दोन्ही मिळून बावीस. यंदा तीन अन् एकोणीस, बावीस. बेरीज जागची हलली नाई म्याडम."

रागिणींनी लिफाफा जवळ ओढला. दोनदा वाचला.

"कोनी अकोल्याचा कागद खोडला असता तं फक्त अकोला पडलं असतं," नत्थुजी पुढे म्हणाले. "कोनी अमरावतीत खोट्या बाया लिहिल्या असत्या तं फक्त अमरावती चढली असती. दोन्ही गोष्टी एका मापानं झाल्या. म्हणजे रोग कमी झाला नाई. तो अकोल्यातून उठून इथं आला."

"गाडीत बसून?" बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

नत्थुजी हसले नाहीत. बाटलीवरचं 'बडनेरा' त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

३

अमरावतीच्या केंद्रात अनीसाबाई बसत. पन्नाशीच्या, बोलायला गोड, नियमाला कडक. बाटली पाहताच त्यांनी ओळखली.

"सुमन! हाय ना, चांगली याद हाय. दुबळीपतली, सारखी खोकलत होती बेचारी. ऑक्टोबरात आली, तीन महिने गोळ्या नेल्या. डिसेंबरानंतर आलीच नाई."

"मेली ते," नत्थुजी म्हणाले. "अकोल्यात. खरं नाव जमुना."

अनीसाबाईंचा हात तोंडावर गेला.

"जानेवारीत एक बाई आली होती," त्या म्हणाल्या. "म्हणे सुमनले ताप हाय, उठवत नाई, तिची बाटली माह्या हाती द्या. मी नाई म्हटलं, भाऊसाहेब. पेशंटनं स्वतः यावं लागते, नियम हाय. ते बाई दारात अर्धा घंटा उभी होती. मी पुढचा नंबर पुकारला."

"कशी होती बाई?"

"चेहरा नाई आठवत. खांद्यावर जांभळी पिशवी होती."

नत्थुजींनी हे लिफाफ्यावर टिपलं. मग विचारलं, "या एकोणीसजणी खऱ्याच हायत ना? की नुसती नावं?"

"खऱ्या म्हणजे? सुमन सोडून बाकीच्या दर महिन्याले माह्यासमोर बसून गोळ्या नेतात. हाडामासाच्या हायत."

"मले नावं नको. फक्त प्रत्येकीचं गाव अन् पहिल्यांदा आली तो वार सांगा."

अनीसाबाई वाचत गेल्या, नत्थुजी लिहीत गेले. घरी येऊन ते ओसरीवर तो लिफाफा घेऊन बसले. पार्बताबाई आंब्याच्या फोडींना मीठ लावत होती. नवरा एवढा गप्प म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं, हे तिला चाळीस वर्षांत कळलं नसेल तर काय!

"काय झालं जी? कोनाची बेरीज चुकली?"

"एकोणीस बाया हायत. त्यातल्या आठ बडनेऱ्याच्या."

"आठ? कोन्या वस्तीतल्या?"

"वस्ती नाई लिहिली. नुसतं बडनेरा."

पार्बताबाईनं मिठाचा हात तसाच वर धरला. "नुसतं बडनेरा? माहं माहेर जुन्या वस्तीतलं, मले शिकवता का? बडनेऱ्याच्या बाईले गाव विचारा, ते आधी जुनी वस्ती म्हणन नाई तं नवी वस्ती म्हणन. नुसतं बडनेरा कोन सांगते? ज्यानं ते गाव गाडीतून उतरताना पाटीवर वाचलं, तो!"

नत्थुजी बायकोकडे पाहतच राहिले. तेहेतीस वर्षं खात्यात काढली, आणि गुंता सोडवला तो लोणचं घालणाऱ्या बाईनं. त्यांनी लिफाफ्यावरच्या वारांकडे पाहिलं. बाकीच्या अकराजणी सोमवारी, शुक्रवारी, मनाला येईल तेव्हा आल्या होत्या. आठही बडनेरेवाल्या आल्या होत्या बुधवारी.

४

अकोल्यात ललिता भेटली केंद्राच्या व्हरांड्यात. सगळ्या साथिणींची ही मुख्य, चाळिशीची, बोलायला तिखट. जांभळी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. ऊन असं की व्हरांड्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.

"जमुनाचं विचारता का काकाजी? चांगली होती बिचारी. कोनाच्या अध्यात नाई, मध्यात नाई."

"शेवटी गावाले गेली होती म्हणे?"

"कोन्या गावाले? तिले गाव होतंच कुठे! हिवरखेडची होती, पन वीस वर्सांत भावानं तिले उंबऱ्यावर उभं केलं नाई. माय मेली तं तोंड पाहू देल्लं नाई."

बोलून झाल्यावर ललिताच्या लक्षात आलं. नत्थुजींनी यादीचं पान तिच्यासमोर धरलं होतं. जमुना, गावी गेली. शेवटच्या रकान्यात, माहिती देणाऱ्याचं नाव, ललिता.

"बुधवारी तुमी कुठे असता, ललिताबाई?"

समोर चहाच्या टपरीवर चारपाच रिक्षावाले बसले होते, ललिता त्यांच्याकडे पाहायला लागली.

"जानेवारीत अनीसाबाईच्या दारात अर्धा घंटा कोन उभं होतं?"

ललिता उठली. "चाला, तुमाले काही दाखवतो."

केंद्राच्या आत एक अंगण होतं. पुढच्या खोलीत जहीर रक्त घ्यायचा. निकाल चांगला आला की बाई पुढच्याच दारानं रस्त्यावर. निकाल वाईट आला की तिला समजावून सांगायला अंगण ओलांडून मागच्या खोलीत न्यायचे. त्या खोलीला हिरवा पडदा होता. आणि अंगणाचं फाटक सताड उघडं, टपरीच्या बरोबर समोर.

"दिसलं?" ललिता म्हणाली. "कोन बाई समोरच्या दारानं गेली अन् कोन पडद्याआड गेली, हे त्या टपरीवर चहा पिता पिता मोजतात. गेल्या साली अकराजणी या अंगणातून गेल्या. पयली मी. मी पडद्याआडून बाहेर निघून घरी पोचाच्या आधी माही पेटी रस्त्यावर फेकली होती मालकिणीनं. तीन दिवस फलाटावर झोपली मी, काकाजी."

नत्थुजींनी त्या हिरव्या पडद्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं लावलेला असणार, बाईची लाज राखायला म्हणून.

"मंग मले साथीण केलं," ललिता सांगत होती. "हाती थेंबाची किट देल्ली. मी ठरवलं, माह्या एकाही बाईले या अंगणातून जाऊ देनार नाई. खोलीतच बोट टोचायचं. एक रेघ आली, बाई निरोगी, तिले घेऊन जहीरभाऊकडे. दोन रेघा आल्या, तं बुधवारी सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. नाव दुसरं. जहीरभाऊले सांगायचं, गावाले गेली. खरंच गावाले गेलेल्या पंधरा होत्या, त्याइच्यात या आठ मिसळल्या. तिघी मले न सांगता थेट जहीरभाऊकडे गेल्या, त्या तेवढ्या कागदावर आल्या."

"जहीरले माहीत होतं?"

"नाई. त्यानं मी सांगितलं ते लिहिलं."

झालं! कोडं सुटलं. चोर नाही, चोरी नाही. किट चांगली, डॉक्टरीण प्रामाणिक, जहीर निर्दोष. एका बाईनं आठ बायांची अब्रू झाकली आणि सगळा प्रयोग खोटा पडला. एरवी नत्थुजींना बेरीज जुळली की कसं थंडगार वाटायचं. आज मात्र तसं वाटेना, कारण पुढची गोष्ट सांगायची पाळी त्यांच्यावर होती.

त्यांनी सांगितली. खिडकीची गोष्ट. दहाचा नियम. अकोल्याचे तीन.

ललितानं दोनदा विचारलं, मग तिला समजलं. "म्हणजे मी त्याइले इथून नेलं नसतं, तं इथं अकरा झाल्या असत्या? खिडकी इथं आली असती?"

"हो."

"अन् जमुनाले तापात गाडीत बसा लागलं नसतं? गोळ्या तुटल्या नसत्या?"

नत्थुजींनी यादीचं पान दुमडलं.

"मंग तिले म्याच मारलं का हो काकाजी?"

"नाई," नत्थुजी म्हणाले. पण ते म्हणायला त्यांना जरा उशीर झाला, आणि तो उशीर ललितानं पाहिला. ती मटकन खाली बसली, त्या तापलेल्या फरशीवर, आणि पिशवीत तोंड खुपसून रडली.

बऱ्याच वेळानं ती सावरली. सातजणी उरल्या होत्या. त्यातली चंदा खालावत चालली होती, गाडीत चढताना दम लागायचा. नत्थुजींनी विचारलं, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात का नाही नेत? तर ललिता म्हणाली, "कागद अमरावतीचा, नाव खोटं. बदलाले गेलं की आधार कार्ड मागतात. अन् तिथला कारकून रोज संध्याकाळी आमच्याच गल्लीत येते."

"मंग नावं द्या मले. मी कमिटीपुढे ठेवतो. सात नावं. खिडकी येते की नाई पाहू."

"नाई."

"ललिताबाई, अवं जीवाचा प्रश्न हाय!"

"मले माहीत नाई का? चंदा स्वतः म्हणते, मी येतो, नाव सांगतो. म्याच नाई म्हटलं. तिची पोरगी पातूरले वसतिगृहात राहते, बारावीले हाय. कागदावर आलेलं नाव टपरीवर यायले किती दिवस लागतात? मी त्याइले शब्द देल्ला, काकाजी. त्या शब्दावर त्या गाडीत बसल्या." तिनं डोळे पुसले. "जमुनाचं सांगा. तिले आता कोन खोलीतून काढते!"

नत्थुजींनी मान हलवली. त्यांनीही शब्द दिला. परतीच्या गाडीत त्यांना कळून चुकलं की आपल्याला सगळं माहीत आहे आणि आपल्या हातात एक रिकामी बाटली आहे.

५

बैठक अमरावतीत झाली, मे महिन्याच्या मध्यावर. वरून मोठे साहेब आले होते. कूलर घोंघावत होता, समोशाच्या बशा फिरत होत्या. नत्थुजींनी फळ्यावर चार आकडे लिहिले. अकरा, अकरा, तीन, एकोणीस. बावीस आणि बावीस समजावून सांगितले. बुधवार सांगितला, बडनेरा सांगितलं.

साहेब मूर्ख नव्हते, तीच तर पंचाईत. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा तर्क सुंदर आहे, बोंडे. पण पत्ता अर्धवट लिहिला म्हणून बाई अकोल्याची ठरते का? बुधवारी आली म्हणून ठरते? योगायोगही असतो. मला आठ नावं द्या, आजच्या आज तक्ता बदलतो."

"नावं देता येत नाईत, साहेब."

"का?"

"शब्द देल्ला हाय."

कोणीतरी हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. "पुराव्याशिवाय मी रुग्ण या शहरातून त्या शहरात हलवले, तर उद्या कोणीही हलवेल. तुम्ही आयुष्यभर आकड्यांत काम केलंय. तुम्ही माझ्या जागी असता तर?"

नत्थुजींना खरं उत्तर ठाऊक होतं. त्यांनीही हेच केलं असतं. तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कागद नाही, तर आकडा नाही.

त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. जमुनाची हकीकत सांगितली. जहीर उभा राहिला आणि त्यानं साक्ष दिली. अनीसाबाईंनी नोंद दाखवली. साहेबांनी बाटली हातात घेऊन पाहिली, मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "एक सिद्ध होते. दुरुस्ती करा. अकोला चार, अमरावती अठरा."

"सर," डॉ. रागिणी मध्येच उठल्या, "हे खरं असेल तर माझा निष्कर्षच उरत नाही. माझी विनंती आहे, अहवाल थांबवा. मी अजून एक वर्ष मोजते."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. सात वर्षांचं काम स्वतःच्या हातानं बाजूला सारायला छाती लागते, आणि त्या दिवशी बाईंनी ती दाखवली. पण साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मोजा की. पुढच्या वर्षी जरूर मोजा. खिडकीचा निर्णय या वर्षीच्या आकड्यावर आहे, आणि चार म्हणजे दहा नव्हेत. तुमच्यासाठी तळटीप घालू." तळटीप त्यांनी तिथल्या तिथे सांगितली. अकोल्यातील बावीस महिला गावी गेल्याने तपासणीस उपलब्ध होऊ शकल्या नाहीत.

आणि मग, काय सांगावं, सत्कार झाला. उत्कृष्ट साथीण म्हणून ललिताचा. भर मे महिन्यात तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ललिता शाल घेऊन उभी राहिली, फोटो निघेपर्यंत हलली नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत नत्थुजी होते. हात आवरते घ्यावेत हे त्यांना सुचलंच नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्या टाळ्यांची त्यांना शरम वाटत राहिली.

६

जहीरनं दुसऱ्याच दिवशी हिरवा पडदा काढून टाकला. आता निकाल काहीही येवो, सगळ्या बाया एकाच दारानं बाहेर जातात. अंगणाच्या फाटकाला त्यानं कुलूप लावलं. चांगली गोष्ट झाली. पुढच्या वर्षी अकोल्याचा आकडा खरा निघेल आणि कदाचित खिडकीही येईल. पण ज्या सातजणींची नावं अमरावतीच्या कागदावर गेली होती, त्या दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी गाडीतच बसत राहिल्या.

नत्थुजी बडनेऱ्याला जायला लागले. कशाला, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पार्बताबाईला म्हणायचे, जुन्या वस्तीत तुझ्या भावाला भेटून येतो. फलाटाचं तिकीट काढायचं आणि पाटीखालच्या बाकड्यावर बसायचं. अकोल्याची गाडी यायची. बाया वेगवेगळ्या डब्यांतून उतरायच्या, एकमेकींकडे न पाहता. चंदा सोडली तर नत्थुजींना त्यांची नावं माहीत नव्हती, पण तोंडं ओळखीची झाली होती. त्यांनी कोणाला हाक मारली नाही की पाण्याची बाटली पुढे केली नाही. अनोळखी म्हाताऱ्यानं ओळख दाखवली की बाया घाबरणार, आणि घाबरल्या की पुढच्या महिन्यात येणार नाहीत. एवढं त्यांना कळत होतं. त्यामुळे ते फक्त मोजायचे. जूनमध्ये सात उतरल्या. जुलैतही सात, पण चंदाला दोघींनी धरून उतरवलं. ऑगस्टमध्ये चंदा येऊ शकत नाही म्हणून ललितानं तिची बाटली मागितली, आणि अनीसाबाईंनी नियम मोडून एकदा दिली.

सप्टेंबरात गाडी पाऊण तास उशिरा आली. नत्थुजी उभे राहिले. एक, दोन. पुढच्या डब्यातून तीन. मग चौथी, पाचवी. शेवटून दुसऱ्या डब्यातून सहावी. गाडी हलली तरी ते दारांकडे पाहत होते. फलाट रिकामा होत आला.

सगळ्यांत मागून ललिता आली. त्यांच्यापाशी येऊन चपलेचा बंद लावायला म्हणून वाकली.

"चंदा?" नत्थुजींनी हळूच विचारलं.

"उठून बसता येत नाई तिले."

"अनीसाबाईले पुन्हा सांगून पाहा."

"सांगितलं फोनवर. म्हणे, आता वरून तपासणी लागली हाय, पेशंट स्वतः पाहिजे." ललितानं बंद लावला, सरळ झाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "म्या तिले तवाच नाव सांगू देल्लं असतं तं, काकाजी?"

नत्थुजींनी पुलाकडे पाहिलं. सहाजणी पुलाच्या पायऱ्या चढत होत्या.

"तुमी मोजून राहिले होते ना?" ललितानं विचारलं.

"हो."

"किती?"

"सहा."

"बरोबर मोजल्या," ललिता म्हणाली, आणि जांभळी पिशवी खांद्यावर घेऊन, त्या बायांपासून चार हात अंतर ठेवून, पुलाकडे चालू लागली.